अनिवासी राज्य प्राप्तिकर, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्याने, त्या राज्याची रहिवासी नसलेल्या व्यक्तीच्या परंतु त्या राज्याच्या हद्दीत उद्भवलेल्या उत्पन्नावर बसविलेला कर. न्यू जर्सी राज्यात राहून न्यू यॉर्क शहरातील कचेरीत रोज कामास जाणारा कारकून, टेक्ससमध्ये राहून ओक्लाहोमातील घराचे भाडे घेणारा घरमालक, किंवा एखाद्या परगावच्या प्रकल्पावर तीन आठवडे काम करून परतणारा अभियंता, या सर्वांना हा कर लागू होऊ शकतो. करदात्यास कर बसविणाऱ्या विधिमंडळाच्या निवडणुकीत मत नसते, हे या कराचे वैशिष्ट्य होय. प्रतिनिधित्वावाचून कर नको, या मागणीतून ज्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा लढा उभा राहिला, त्याच राष्ट्रात असा कर रूढ झाला आहे. त्यामुळे राज्याचा अधिकार कोठवर पोहोचतो आणि त्या राज्यात विवरणपत्र दाखल करावयाचे की नाही हे व्यक्तीने कसे ठरवावे, हे दोन प्रश्न एक शतकाहून अधिक काळ न्यायालयांपुढे व करदात्यांपुढे आहेत.

अमेरिकेत प्राप्तिकराची आकारणी संघशासन व घटक राज्ये अशा दोन पातळ्यांवर होते. काही राज्यांत शहरे व परगणेही वेगळा कर घेतात. अलास्का, फ्लॉरिडा, नेव्हाडा, न्यू हँपशर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सस, वॉशिंग्टन व वायोमिंग ही नऊ राज्ये २०२५ मध्ये वेतनावर प्राप्तिकर घेत नव्हती. उरलेली राज्ये आपल्या रहिवाशांकडून त्यांच्या सर्व उत्पन्नावर कर घेतात, मग ते उत्पन्न कोठेही मिळालेले असो. अनिवासी व्यक्तीकडून मात्र केवळ राज्यांतर्गत उत्पन्नावर कर घेतात. एकच उत्पन्न एका राज्यात निवासाच्या नात्याने आणि दुसऱ्या राज्यात उद्गमाच्या नात्याने करपात्र ठरते, ते यामुळेच. या विषयातील बहुतेक वादांचे मूळ या दुहेरी नात्यात आहे.

उगम : एकोणिसाव्या शतकात अनेक राज्यांनी प्राप्तिकराचे प्रयोग केले. व्हर्जिनियाचा कायदा १८४३ मधील होय. आकारणीचे काम स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपविलेले असल्याने हे कर सामान्यतः नाममात्रच राहिले. विस्कॉन्सिनने १९११ मध्ये केलेल्या कायद्याने ही स्थिती पालटली. या कायद्यान्वये आकारणीवर राज्याच्या कर-आयोगाचे नियंत्रण आले आणि वेतन व अन्य रकमा देणाऱ्यांनी त्यांची माहिती आयोगास कळविण्याची पद्धत सुरू झाली. अनिवासी व्यक्तींच्या राज्यांतर्गत उत्पन्नाचाही या कायद्यात समावेश होता. १९१३ मध्ये संविधानाच्या सोळाव्या दुरुस्तीमुळे संघशासनाचा प्राप्तिकर स्थिर झाला. त्यानंतर ओक्लाहोमा (१९१५), मॅसॅचूसेट्स (१९१६) व न्यू यॉर्क (१९१९) या राज्यांनीही नव्या पद्धतीचे कायदे केले. न्यू यॉर्कची गणना महत्त्वाची, कारण या राज्यातील सर्वांत मोठे शहर दोन शेजारी राज्यांच्या सीमेजवळ असून तेथे काम करणारे हजारो लोक न्यू जर्सी व कनेक्टिकट येथून रेल्वेने येत-जात असत. त्यांच्या वेतनावर कर घ्यावयाचा की नाही हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहिला नाही.

१९२० चे निर्णय : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च १९२० रोजी एकाच दिवशी दोन निकाल दिले. दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती मॅलन पिट्नी यांनी लिहिली. शॅफर विरुद्ध कार्टर या पहिल्या खटल्यातील वादी इलिनॉय राज्यातील शिकागोचा रहिवासी होता आणि ओक्लाहोमात त्याच्या तेलाच्या विहिरी होत्या. १९१६ च्या उत्पन्नावर ओक्लाहोमाने त्याच्याकडून सु. ७६,००० डॉलर कर मागितला. उत्पन्न हे व्यक्तीच्या मागे जाते, म्हणून ते केवळ तिच्या निवासाच्या राज्यातच करपात्र असावे, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो अमान्य केला. मालमत्ता व व्यवसाय यांना ज्या राज्याच्या कायद्याचे व शासनाचे संरक्षण मिळते, त्या राज्याला त्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नातून आपल्या खर्चाचा वाटा मागता येतो, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. रहिवाशांना राज्याबाहेरील तोटा वजा करता येतो व अनिवासींना येत नाही, ही वादीची दुसरी तक्रारही टिकली नाही. रहिवाशांचे राज्याबाहेरील उत्पन्नही करपात्र असते व अनिवासींचे नसते, म्हणून हा फरक न्याय्य ठरतो, असे न्यायालयाचे मत पडले.

ट्रॅव्हिस विरुद्ध येल अँड टाउन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हा दुसरा खटला न्यू यॉर्कच्या १९१९ च्या कायद्याविषयी होता. कनेक्टिकटमधील या कंपनीची न्यू यॉर्क शहरात कचेरी होती. तेथील काही कर्मचारी कनेक्टिकट व न्यू जर्सी येथे राहत असत. त्यांच्या वेतनातून कर कापून घेण्याची सक्ती कंपनीवर करण्यात आली होती. न्यायालयाने या उगमस्थानी करकपातीस मान्यता दिली. मात्र याच कायद्यान्वये रहिवाशांना मिळणारी वैयक्तिक सूट, म्हणजे अविवाहितास १,००० डॉलर व विवाहितास २,००० डॉलर, अनिवासींना नाकारण्यात आली होती. हा भेद संविधानाच्या चौथ्या अनुच्छेदातील विशेषाधिकार व उन्मुक्ती यांसंबंधीच्या कलमाचा भंग करतो, असे न्यायालयाने ठरविले. या कलमान्वये एका राज्याच्या नागरिकास दुसऱ्या राज्यात तेथील नागरिकांच्या बरोबरीने वागणूक मिळण्याची हमी आहे.

या दोन निकालांनी पुढील शतकाची चौकट आखून दिली. राज्याला अनिवासीकडून कर मागता येतो, परंतु तो त्याने आपल्या रहिवाशास लावलेल्या मापानेच मागितला पाहिजे, असे त्यांचे एकत्रित सार आहे. कराचा अधिकार अशा रीतीने लवकर निश्चित झाला. किती अल्प उत्पन्नापासून वा किती दिवसांच्या वास्तव्यापासून तो वापरावा, हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही. ती बाब प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाकडे राहिली आणि सामान्य करदात्याच्या अडचणी तेथूनच सुरू झाल्या.

समानतेचे तत्त्व : मताधिकार नसलेल्या करदात्याचे संरक्षण हे बव्हंशी समान वागणुकीच्या तत्त्वावर अवलंबून आहे. १९७० मध्ये न्यू हँपशरने राज्याबाहेरून कामास येणाऱ्यांच्या वेतनावर चार टक्के कर बसविला. कायद्याची रचना अशी होती, की प्रत्यक्षात राज्यातील रहिवाशास तो द्यावा लागत नसे. शेजारच्या मेन राज्यातील काही रहिवाशांनी त्याला आव्हान दिले. ऑस्टिन विरुद्ध न्यू हँपशर (१९७५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कर रद्द केला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांच्या निकालपत्रात अनिवासींना विधिमंडळात प्रतिनिधित्व नसते, या वस्तुस्थितीकडे लक्ष वेधण्यात आले. जो कर रहिवाशांना मुळीच द्यावा लागत नाही, त्याच्या अन्याय्यतेविरुद्ध राज्याच्या राजकारणात आवाज उठत नाही. अशा वेळी न्यायालयीन संरक्षणाची गरज अधिक असते.

लंडिंग विरुद्ध न्यू यॉर्क कर-अपील न्यायाधिकरण (१९९८) या खटल्यात हेच तत्त्व वजावटींना लावण्यात आले. घटस्फोटानंतर दिलेल्या पोटगीची वजावट न्यू यॉर्क आपल्या रहिवाशांना देत असे, पण अनिवासींना नाकारीत असे. पुरेसे समर्थन नसल्याने हा भेद न्यायालयाने अवैध ठरविला. त्यानंतर लवकरच न्यू यॉर्क शहराच्या करालाही या तत्त्वाची झळ पोहोचली. शहराबाहेरून कामास येणाऱ्यांच्या वेतनावर १९६६ पासून एक अल्प कर होता. १९९९ मध्ये राज्य विधिमंडळाने तो केवळ न्यू यॉर्क राज्यातील उपनगरवासीयांपुरता रद्द केला. परराज्यांतून येणाऱ्यांवर तो तसाच ठेवणे असांविधानिक असल्याचा निर्णय २००० मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने दिला आणि कर सर्वांसाठीच संपुष्टात आला. शेजाऱ्याला वगळून घरच्यांनाच सवलत देऊ पाहणाऱ्या विधिमंडळामुळे शहराने उत्पन्नाचे एक साधन कायमचे गमावले.

दुहेरी कर व त्यावरील उपाय : एका उत्पन्नावर दोन राज्यांचा कर पडू नये म्हणून बहुतेक राज्ये आपल्या रहिवाशांना जमेची सवलत देतात. परराज्यात भरलेला कर निवासाच्या राज्यातील करातून वजा केला जातो. ही वजावट सामान्यतः त्याच उत्पन्नावर निवासाच्या राज्यात पडणाऱ्या करापुरती मर्यादित असते. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या व्यक्तीने परराज्यात १०,००० डॉलर मिळविले, तेथे त्यांवर ५०० डॉलर कर पडला आणि निवासाच्या राज्यात त्याच रकमेवर ४५० डॉलर कर आहे. अशा वेळी तिला ४५० डॉलरांची जमा मिळते आणि वरचे ५० डॉलर तिच्या पदरचे जातात. निवासाचे राज्य टेक्ससप्रमाणे प्राप्तिकर न घेणारे असेल, तर वजा करण्यास कर नसल्यामुळे संपूर्ण ५०० डॉलर तिचा वाढीव बोजा ठरतो. करमुक्त राज्यांतील रहिवासी परराज्याच्या करास अधिक कडवा विरोध का करतात, याचे कारण यात आहे.

जमेची सवलत हा राज्यांचा केवळ औदार्याचा भाग आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. मेरिलंडचा नियंत्रक विरुद्ध विन (२०१५) या खटल्याने ही समजूत बदलली. मेरिलंड आपल्या रहिवाशांना राज्य-करापुरती जमा देत असे, परंतु परगण्याच्या प्राप्तिकरापुरती देत नसे. ही पद्धत आंतरराज्य व्यवहारास राज्यांतर्गत व्यवहारापेक्षा अधिक बोजा लावते, म्हणून ती संविधानातील वाणिज्य कलमाविरुद्ध आहे, असा निर्णय न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला.

परस्पर करार हा दुसरा उपाय होय. दोन शेजारी राज्ये असे ठरवितात, की वेतनावर कर केवळ निवासाच्या राज्यानेच घ्यावा. मग कर्मचारी मालकाकडे एक प्रमाणपत्र देतो आणि कामाच्या राज्यात त्याला विवरणपत्र भरावे लागत नाही. इलिनॉयचे असे करार आयोवा, केंटकी, मिशिगन व विस्कॉन्सिन यांच्याशी आहेत. मेरिलंड, व्हर्जिनिया व राजधानीचा कोलंबिया जिल्हा यांच्यातही अशी व्यवस्था आहे. कोलंबिया जिल्ह्याला तर १९७३ च्या स्वशासन कायद्यान्वये अनिवासींच्या वैयक्तिक उत्पन्नावर कर बसविण्याची मनाईच आहे. हे करार सामान्यतः वेतनापुरतेच असतात. घरभाडे, शेती किंवा धंदा यांच्या उत्पन्नास ते लागू पडत नाहीत.

करारांचे आयुष्य राज्यांच्या तिजोरीवर अवलंबून असते. विस्कॉन्सिनमधून मिनेसोटात कामास जाणाऱ्यांची संख्या उलट दिशेने जाणाऱ्यांपेक्षा अधिक असल्याने विस्कॉन्सिन मिनेसोटास भरपाई देत असे. ती उशिरा मिळते या कारणावरून मिनेसोटाने करार मोडला व २०१० पासून दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांना दोन-दोन विवरणपत्रे भरावी लागू लागली. न्यू जर्सीच्या राज्यपालांनी २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाशी असलेला करार संपविण्याची घोषणा केली होती. ती अंमलात येण्यापूर्वीच मागे घेण्यात आली.

कराची गणना : अनिवासीचा कर काढण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत केवळ राज्यांतर्गत उत्पन्नास दर लावतात. दुसरीत प्रथम सर्व उत्पन्न राज्यातच मिळाले असे समजून कर काढतात व मग राज्यांतर्गत उत्पन्नाचे एकूण उत्पन्नाशी जे प्रमाण असेल, तेवढाच भाग घेतात. समजा, पहिल्या ५०,००० डॉलरांवर चार टक्के व त्यावरील रकमेवर सहा टक्के दर आहे. ज्याचे एकूण उत्पन्न १,००,००० डॉलर व राज्यांतर्गत उत्पन्न १०,००० डॉलर आहे, त्याचा कर पहिल्या पद्धतीने ४०० डॉलर होईल. दुसऱ्या पद्धतीने एकूण ५,००० डॉलरांचा दहावा भाग, म्हणजे ५०० डॉलर होईल. परराज्यातील उत्पन्नावर हा अप्रत्यक्ष कर होय, असा दुसऱ्या पद्धतीवर आक्षेप घेण्यात येतो. तथापि राज्याबाहेरचे उत्पन्न येथे दर ठरविण्यापुरतेच विचारात घेतले जाते, असे मानून न्यायालयांनी ती ग्राह्य धरली आहे. न्यू यॉर्कमध्ये व इतर अनेक राज्यांत हीच पद्धत चालू आहे.

संघीय कायद्यांनी दिलेल्या सवलती : राज्यांच्या अधिकारास काँग्रेसने वेळोवेळी काही अपवाद घातले आहेत. दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४२ मध्ये, सैनिकांना असे संरक्षण देण्यात आले, की केवळ नेमणुकीमुळे दुसऱ्या राज्यात राहावे लागल्यास त्यांच्या लष्करी वेतनावर त्या राज्याला कर घेता येऊ नये. सैनिकांच्या पति-पत्नींना विशिष्ट अटींवर अशीच सवलत २००९ मध्ये मिळाली. काँग्रेसच्या सदस्यांना राजधानीजवळील राज्यांच्या करापासून सूट देणारा कायदा १९७७ चा आहे. अनेक राज्यांतून गाड्या नेणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांवर व मालमोटार-चालकांवर केवळ निवासाच्या राज्यानेच कर घ्यावा, अशी तरतूद १९९० मध्ये झाली. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये, तेथे नोकरी करून निवृत्तीनंतर अन्यत्र स्थायिक झालेल्यांच्या निवृत्तिवेतनावरही कर मागत असत. जानेवारी १९९६ च्या कायद्याने ही प्रथा बंद पडली. हे अपवाद ज्या वर्गांना आपली मागणी काँग्रेसपुढे मांडता आली त्यांना मिळाले. अल्पकाळ परराज्यात काम करणाऱ्या सर्वसाधारण नोकरदारास असा अपवाद मिळालेला नाही.

खेळाडूंवरील कर : परराज्यातील प्रत्येक दिवसाचा हिशेब मागण्याची पद्धत व्यावसायिक खेळाडूंच्या बाबतीत प्रथम ठळकपणे पुढे आली. त्यांचे वेतन मोठे असते आणि सामन्यांची ठिकाणे व तारखा जाहीर असल्याने त्यांचा माग काढणे सोपे असते. १९९१ च्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत शिकागो बुल्स संघाने लॉस अँजेल्सच्या संघाचा पराभव केला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने बुल्सच्या खेळाडूंकडून कर मागितला व इलिनॉयने प्रत्युत्तरादाखल कायदा केला, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. जी राज्ये इलिनॉयच्या खेळाडूंवर कर घेतात त्यांच्याच खेळाडूंवर इलिनॉयने कर घ्यावा, असे या कायद्याचे स्वरूप होते. वेतनावर कर नसलेल्या टेनेसीनेही २००९ मध्ये प्रत्येक सामन्यामागे २,५०० डॉलर असा ठोक कर बसविला. वर्षातून जास्तीत जास्त तीन सामन्यांसाठी तो घेतला जाई. अल्प वेतनाच्या खेळाडूस तेथील सामन्यातून मिळणाऱ्या कमाईपेक्षा कर अधिक होण्याचा संभव असे. बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंसाठी हा कर २०१४ मध्ये व बास्केटबॉलच्या खेळाडूंसाठी २०१६ मध्ये रद्द झाला. ओहायओच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये क्लीव्हलँड शहराची, वेतनाची विभागणी केवळ सामन्यांच्या संख्येवर करण्याची पद्धत अमान्य केली. सराव व प्रवासासह कामाचे सर्व दिवस हिशेबात धरले पाहिजेत, असे तत्त्व त्यातून दृढ झाले.

काम कोठे झाले? : शॅफर खटल्यातील तेलाची विहीर एका जागी स्थिर होती. बौद्धिक श्रमाचे स्थान मात्र असे सहज ठरत नाही. न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर इ. राज्यांत ‘मालकाची सोय’ या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. परराज्यातील कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी घरी काम करीत असेल, तर ते दिवसही मालकाच्या राज्यातील कामाचेच धरले जातात. मालकाच्या गरजेमुळे बाहेर काम करावे लागले असेल, तरच ते वगळतात. झेलिन्स्की विरुद्ध कर-अपील न्यायाधिकरण (२००३) या खटल्यातील वादी न्यू यॉर्कमधील विधी विद्यालयाचा प्राध्यापक असून कनेक्टिकटमध्ये राहत होता. आठवड्यातील काही दिवस तो घरी लेखन-संशोधन करीत असे. न्यू यॉर्कने त्याच्या संपूर्ण वेतनावर कर घेतला. कनेक्टिकटने घरी केलेल्या कामाच्या दिवसांपुरती जमा देण्याचे नाकारले, कारण ते काम कनेक्टिकटमध्येच झाले होते. दोन्ही राज्ये आपापल्या नियमानुसार वागली व त्याला दोनदा कर द्यावा लागला. न्यू यॉर्कच्या अपील न्यायालयाने नियम वैध ठरविला. हकबी खटल्यात (२००५) वादीचे तीन-चतुर्थांश काम टेनेसीत झाले असूनही संपूर्ण वेतन न्यू यॉर्कमध्ये करपात्र ठरले. दोन्ही प्रकरणे विचारार्थ घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला.

२०२० मधील करोना महासाथीमुळे लक्षावधी लोक घरी बसून काम करू लागले आणि हा प्रश्न व्यापक झाला. महासाथीपूर्वी मॅसॅचूसेट्समध्ये काम करणारे परराज्यातील कर्मचारी आता घरून काम करीत असले, तरी त्यांचे वेतन मॅसॅचूसेट्समध्येच उद्भवलेले समजावे, असा तात्पुरता नियम त्या राज्याने केला. न्यू हँपशरने त्याविरुद्ध ऑक्टोबर २०२० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावण्याची परवानगी मागितली. २८ जून २०२१ रोजी न्यायालयाने कारणे न देता ती नाकारली. तात्पुरता नियम त्याच वर्षी १३ सप्टेंबरपर्यंत चालू राहिला. जेथे कर्मचारी पाऊलही ठेवीत नाही त्या राज्याला त्याच्या श्रमावर कर घेता येतो काय, या प्रश्नाचे सर्वोच्च न्यायालयाकडून उत्तर मिळाले नाही. पुढे न्यू जर्सीने २०२३ मध्ये, न्यू यॉर्कसारखा नियम असलेल्या राज्यांच्या रहिवाशांना तोच नियम उलट लावणारा कायदा केला.

विवरणपत्र भरण्याचा निर्णय : परराज्यात विवरणपत्र भरावयाचे की नाही, याचा निर्णय प्रथम करदात्यालाच घ्यावा लागतो. त्यासाठी काही प्रश्नांची उत्तरे क्रमाने शोधावी लागतात. पहिला प्रश्न निवासाचा. व्यक्तीचा कायमचा अधिवास एकाच राज्यात असतो. परंतु न्यू यॉर्कसारख्या राज्यात कायम स्वरूपाचे घर बाळगून वर्षात १८३ दिवसांहून अधिक काळ राहिल्यास, अधिवास अन्यत्र असूनही ती व्यक्ती निवासी ठरते व तिचे सर्व उत्पन्न करपात्र होते. दुसरा प्रश्न उद्गमाचा. वेतनाचा उद्गम सामान्यतः जेथे काम केले तेथे आणि भाड्याचा जेथे स्थावर मालमत्ता आहे तेथे असतो. अनिवासीचे बँकेचे व्याज व भागांवरील लाभांश हे धंद्याशी निगडित नसल्यास सहसा वगळले जातात. तिसरा प्रश्न परस्पर करार किंवा संघीय सवलत लागू आहे काय, हा होय.

यानंतर उत्पन्नाची वा दिवसांची किमान मर्यादा पाहावी लागते. तिच्याबाबत राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. इलिनॉयने २०२० पासून तीस दिवसांहून अधिक काम झाल्याशिवाय अनिवासीच्या वेतनावर कर न घेण्याचे ठरविले. लुइझिॲनाने २०२२ पासून पंचवीस दिवसांची मर्यादा ठेवली. न्यू यॉर्कमध्ये चौदा दिवसांपर्यंतच्या कामासाठी मालकावर करकपातीची सक्ती नाही. परंतु ही सवलत केवळ मालकाची आहे. कर्मचाऱ्याचे दायित्व तिने संपत नाही. वेतनातून कर कापला गेला नाही म्हणून कर लागूच नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा आहे. याच्या उलट, कर कापला गेला असून प्रत्यक्षात देय नसेल, तर परतावा मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. दोन राज्यांची विवरणपत्रे भरताना अनिवासी राज्याचे आधी तयार करणे सोयीचे असते, कारण तेथील कराचा आकडा निवासाच्या राज्यातील जमेसाठी लागतो.

काही दिवसांच्या कामावरील कर कित्येकदा विवरणपत्र तयार करून घेण्याच्या खर्चाहूनही कमी असतो. त्यामुळे अनेक जण ते भरत नाहीत. राज्येही अल्प रकमांचा पाठपुरावा क्वचितच करतात. तथापि विवरणपत्र दाखल झाल्याशिवाय आकारणीची मुदत बहुतेक राज्यांत सुरूच होत नाही. परिणामी अनेक वर्षांनीही व्याज व दंडासह मागणी येऊ शकते. तोपर्यंत निवासाच्या राज्यात जमा मागण्याची मुदत टळलेली असल्यास एकाच उत्पन्नावरील दोन्ही कर अंगावर पडतात. कायदा कडक व अंमलबजावणी शिथिल असल्याने प्रामाणिकपणे नोंदी ठेवणाऱ्यावरच त्याचा बोजा अधिक पडतो. एका राज्यात तीस दिवसांहून अधिक काम झाल्यावरच तेथे कर लागावा, असे सुचविणारे विधेयक काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने २०१२, २०१६ व २०१७ मध्ये संमत केले. सिनेटमध्ये मात्र ते तिन्ही वेळा पार पडले नाही. परगावच्या नोकरदारांपासून मोठा महसूल मिळविणाऱ्या न्यू यॉर्कसारख्या राज्यांचा त्यास विरोध होता.

भारतीय संदर्भ : संगणक-व्यवसायामुळे महाराष्ट्रातून व भारताच्या अन्य भागांतून अमेरिकेत गेलेल्या अनेकांचा या कराशी संबंध येतो. एका राज्यात राहून दुसऱ्या राज्यातील ग्राहक-कंपनीच्या कचेरीत काम करणे या व्यवसायात नित्याचे आहे. अशा वेळी दोन गोष्टींचा घोटाळा होतो. संघीय कायद्यातील ‘अनिवासी परकीय’ ही संज्ञा देशातील निवासाविषयी आहे, तर राज्यांच्या कायद्यातील ‘अनिवासी’ ही संज्ञा त्या राज्यातील निवासाविषयी आहे. एखादा विद्यार्थी संघीय करापुरता अनिवासी असूनही राज्याचा निवासी असू शकतो. तसेच भारत व अमेरिका यांच्यातील १९८९ चा दुहेरी करविषयक करार अमेरिकेच्या संघीय प्राप्तिकरास लागू आहे. राज्यांच्या प्राप्तिकरास तो लागू नाही. काही राज्ये करारातील सवलती स्वेच्छेने मान्य करतात, पण कॅलिफोर्नियासारखी राज्ये त्या मान्य करीत नाहीत.

भारतात हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. भारतीय संविधानाने शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर संघसूचीत घातला असून राज्यांकडे शेती-उत्पन्नावरील कर ठेवला आहे. ठाण्यात राहणारा व गुजरातेत नोकरी करणारा कर्मचारी एकच विवरणपत्र भरतो. राज्यांना व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवर कर घेता येतो. महाराष्ट्राचा असा कायदा १९७५ चा आहे. त्याची कमाल रक्कम संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्येच मर्यादित केलेली असून १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने ती प्रतिवर्षी २,५०० रुपये ठरविली. भारतात कराच्या अधिकारांची वाटणी संविधानानेच आधी करून ठेवली. अमेरिकेत राज्यांचे अधिकार परस्परांत गुंतलेले राहिले. त्यांची सीमा न्यायालयीन निर्णय, शेजाऱ्यांचे करार व काँग्रेसचे अपवाद यांनी तुकड्यातुकड्यांनी आखली गेली. जेथे ती आखली गेली नाही, तेथे आपण कोणत्या राज्यात किती दिवस काम केले याची नोंद ठेवून करदात्यालाच निर्णय करावा लागतो.